बिनशिट्टीच्या कुकरातला केक

अहो, इकडे. मिक्सरच्या पलीकडे बघा. बुडाला काळवंडलेला, एका कानाने अधू आणि झाकणावर शिट्टीच्या जागी नुसती नळी उरलेला जो कुकर दिसतोय ना, तो मी बोलतोय. शिट्टी होती तेव्हा मी मोजकं बोलायचो. वरणाला तीन, राजम्याला पाच, विषय संपला. शिट्टी गेली आणि तोंड मोकळं झालं. आता ऐकावंच लागेल तुम्हाला.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं नाशिकच्या भांडीबाजाराने. चाळीसएक वर्षं झाली असतील. एक मामा आपल्या भाचीच्या लग्नासाठी दुकानात आले, मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "हा द्या. पोरगी नाशकात संसार करणारे, चुलीवर थोडीच बसणारे!" मग दुकानाबाहेरच्या कोरणाऱ्याने माझ्या पोटावर टकटक करत नाव कोरलं. 'चि. सौ. कां. सरोजिनीस मामांकडून.' जागा पुरेना म्हणून शेवटचं 'कडून' खालच्या ओळीत गेलं. तेवढा व्रण मी अजून मिरवतो.

सरोजिनीबाई म्हणजे आत्ताच्या आजी. माहेर त्र्यंबकेश्वरचं, सासरही तिथलंच, पण यजमानांची नोकरी नाशिकला. त्यांचे धाकटे दीर बाळाजी तिकडेच राहिले आणि यात्रेकरूंची पूजाअर्चा बघू लागले. सरोजिनीबाईंनी इथे दोन खोल्यांत संसार मांडला आणि तो संसार माझ्या शिट्टीवर चालला, हे मी थोडंही वाढवून सांगत नाही. पहिली शिट्टी झाली की यजमान आंघोळीला जायचे. दुसरीला देवव्रत, म्हणजे त्यांचा मुलगा, अंथरुणातून उठायचा. तिसरीला मी गप्प आणि घर धावपळीत.

त्या घरात तुपाचा मान मोठा. पान वाढून झालं की भातावर तुपाचा थेंब पडायचाच. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. तो थेंब पडल्याशिवाय अन्न शुद्ध झालं असं धरायचं नाही आणि देवापुढे नैवेद्य ठेवायचा नाही. सरोजिनीबाईंचा हात इतका सरावला होता, की गप्पा मारतानाही चमचा तुपाच्या भांड्यात जाऊन बरोबर भातावर रिकामा होऊन यायचा. मी स्वतः किती खरवस शिजवलाय, विचारू नका. अंडं मात्र मी जन्मात पाहिलं नाही.

पुढे यजमान गेले. देवव्रतचं लग्न झालं, गंगापूर रोडवर हा फ्लॅट घेतला आणि सामान हलवताना माझी शिट्टी कुठे घरंगळली, ती आजतागायत सापडली नाही. नवा स्टीलचा कुकर आला. मला माळ्यावर टाकलं आणि माझ्या पोटात दिवाळीच्या पणत्या भरल्या. वर्षातून चार दिवस उजेड, बाकी अंधार. नव्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून माझा जळफळाट व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग सई झाली. देवव्रत आणि तेजश्रीची मुलगी. सात-आठ महिन्यांची, अजून आईच्या दुधावरच असताना सगळे वणीला देवीच्या दर्शनाला गेले होते. येताना कुणीतरी प्रेमाने पोरीच्या हातावर पेढ्याचा तुकडा ठेवला. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घुरघुरायला लागला. आजी तिला मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या. वणीतल्याच एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. पुढे नाशिकला तपासण्या झाल्या. दूध आणि अंडं, दोन्हींची ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, "थेंबभरसुद्धा नको. मोठी होईल तशी कदाचित जाईल, पण तोवर थेंबही नको."

"अंड्याचं मला सांगूच नका," आजी म्हणाल्या, "या घरात ते कधी आलंच नाही." पण दूध? दह्याचं विरजण, साईचं लोणी, कढवलेलं तूप, सगळं त्यांच्या हाताच्या रेषांत मुरलेलं. तेजश्री कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते. तिने घराचीच लॅब केली. दुधाची भांडी निघाली, चमचे वेगळे झाले, फ्रीजवर औषधांची लाल पिशवी आली. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती खिडकीपाशी नेऊन वाचायची. आजींचा दुधाचा चहा बाल्कनीत गेला. चोरून विडी ओढावी तसा त्या तो पितात. तूप उरलं ते फक्त देवघरात, निरांजनापुरतं, एका छोट्या डबीत.

आणि मी माळ्यावरून खाली उतरलो! झालं असं, की सईला वाढदिवसाला केक हवा होता. दुकानातला चालणार नव्हता. घरातला मायक्रोवेव्ह नाना तऱ्हेच्या पदार्थांनी माखलेला, त्याच्यावर तेजश्रीचा भरवसा नव्हता. आजी म्हणाल्या, "अगं, माझा जुना कुकर आहे की वर. रबर काढायचं, शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं आणि त्यावर डबा ठेवायचा. आम्ही असेच करायचो केक." शिट्टी काढायची! म्हणजे ज्या उणिवेपायी मी माळ्यावर गेलो, तीच इथे गुण ठरली. तेजश्रीने मला चिंच लावून, राख लावून, उकळत्या पाण्याने चार वेळा घासलं. माझ्या पोटातली खरवसाची आठवणसुद्धा धुऊन निघाली. झाकणाला तिने लाल दोरा बांधला. तेव्हापासून मी 'सईचा कुकर'. माझ्यात दुसरं काही शिजवायचं नाही.

पहिला केक मात्र असा झाला, की तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसवला असता तर गाड्या उभ्या राहिल्या असत्या. दुसरा मधोमध खचला. द्राक्षांचा हंगाम होता, म्हणून तिसऱ्यात तेजश्रीने काळ्या द्राक्षांचा रस घातला. नाशिककर ना शेवटी! पण रसात सोडा पडला आणि केक निघाला शेवाळासारखा हिरवाकाळा. देवव्रतने डोळे मिटून एक तुकडा खाल्ला आणि "चवीला चांगलाय हं" म्हणाला. सई म्हणाली, "बाबा, मग डोळे उघडून खा."

अखेर जमलं. कणीक, गूळ, नारळाचं दूध, कुस्करलेली केळी. अंड्याचं काम करायला जवसाची पूड पाण्यात भिजवून ठेवायची, ती छान बुळबुळीत होते. ही युक्ती कळल्यावर आजी हसल्या. "जवस होय! चटणीत घालून घालून हात दुखले माझे, आणि ते अंड्याच्या जागी चालतं हे आत्ता कळतंय." सगळ्यात शेवटी सोडा आणि लिंबू. ते पडले की मिश्रण फसफसतं आणि लगेच माझ्यात यावं लागतं. थांबलं की बसलं.

सई शाळेत जायला लागली, तेव्हा तेजश्रीने तिला एक पाढा पाठ करून दिला. काहीही तोंडात घालण्याआधी म्हणायचा. "दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, अंडं. यातलं काही आहे का?" आठ नावं, आठ बोटं. आणि नियम असा, की ज्याने केलंय त्यालाच विचारायचं, वाढणाऱ्याला नाही. सई तो पाढा शेजाऱ्यांपुढे म्हणते, वाढदिवसांत म्हणते, लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला गाठून म्हणते. लोक हसतात. ती उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

पण या सगळ्यात एक माणूस मनातून खट्टू झालं होतं. आजी. सई फक्त आईच्या हातचं खायची. आजींनी लाडू वळले तरी तेजश्री हळूच म्हणायची, "आई, राहू दे. मी करते तिच्यापुरतं वेगळं." तेजश्रीचं चूक नव्हतं. पण एकदा दुपारी घरात कुणी नसताना आजी माझं झाकण पुसत स्वतःशीच म्हणाल्या, "गावाला जेवू घातलं मी. नात तेवढी माझ्या हातचं खात नाही." झाकण पुसून झाल्यावरही त्या बराच वेळ ते हातात धरून बसल्या होत्या.

यंदाच्या फेब्रुवारीत सई सात वर्षांची झाली. आदल्या दिवशी तेजश्री म्हणाली, "आई, उद्याचा केक तुम्ही करता? मला सजावट बघायचीय. मी असेनच बाजूला." आजींनी वरवर "बघू" म्हटलं. सकाळी सहाला मात्र त्यांनी केळी मोजून ठेवली होती.

त्या दिवशीचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी गॅसवर तापत होतो, बाजूला आजी मिश्रण ढवळत होत्या. तेजश्री प्रत्येक जिन्नस बघत होती. सोडा पडला, लिंबू पडलं, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. फुग्यांचं सामान आलं होतं. "आई, आता थांबू नका हं, लगेच आत ठेवा," म्हणत तेजश्री दाराकडे गेली.

आजींनी डबा उचलला. मग त्यांनी ओट्याशेजारच्या देवघराकडे पाहिलं. केक आधी बाळकृष्णापुढे ठेवायचा होता, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. या घरात देवाला दाखवल्याशिवाय काही खाल्लं जात नाही. आणि अन्नशुद्धीशिवाय नैवेद्य? चाळीस वर्षांचा सराव. हात गेला तो देवघरातल्या डबीकडे. चमच्याच्या टोकावर तूप आलं. तिथे त्या क्षणभर थांबल्या, हे मी पाहिलं. ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "कढवलेलं तूप. त्यात दूध कुठलं उरतंय? थेंबभर तर." आणि थेंब मिश्रणात पडला.

आयुष्यात मला शिट्टीची इतकी गरज कधीच वाटली नव्हती. अशी शिट्टी मारली असती, की तेजश्री फुगे टाकून धावत आली असती! पण नळीतून नुसती गरम हवा गेली. आजींनी डबा माझ्या पोटात ठेवला, झाकण लावलं आणि मी नाइलाजाने माझं काम केलं. केक कधी नव्हे इतका फुलला. मला त्याचा आनंद झाला नाही.

संध्याकाळी हॉल भरला. आमचा ओटा हॉलला उघडा आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. सईच्या वर्गातली दहा-बारा मुलं, शेजारी, आणि त्र्यंबकहून बाळाजीकाका. देवाला नैवेद्य दाखवून झाला, मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या. तेजश्रीने तुकडा कापून सईच्या ताटलीत ठेवला. सईने बोटं वर काढली.

"आज नको गं पाढा," तेजश्री हसत म्हणाली. "मी समोर उभी होते. काही नाहीये त्यात. खा."

"पण तू नाही केलंस," सई म्हणाली. "आजीने केलंय." आणि ती ताटली घेऊन आजींच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. "आजी, दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, अंडं. यातलं काही आहे का?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! सात वर्षांत पहिल्यांदा नात त्यांच्या हातचं खाणार होती. समोर सगळी सोसायटी, दीर, सून. खरं बोललं तर हा पहिला आणि शेवटचा केक, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी सईच्या ओठांकडे पाहिलं. वणीहून येतानाची ती गाडी त्यांना आठवली असणार, कारण पुढच्या क्षणी त्यांनी ताटली तिच्या हातातून काढून घेतली.

"आहे," आजी म्हणाल्या. "तूप आहे. थेंबभर. मीच घातलंय, माझ्या हाताने. खाऊ नकोस."

तेजश्रीने सईचे हात धुतले, तोंड बघितलं, कपडे बघितले. मग ती ओट्यापाशी आली, आजी तिच्या मागोमाग. तेजश्रीचा आवाज हळू होता, पण माझ्याहून तापलेला. "आई, तुमच्या मांडीवर निळी पडली होती ती. तुम्ही होतात गाडीत. आणि तरी?"

"नैवेद्याला अन्नशुद्धी लागते म्हणून गं..." आजी म्हणाल्या. "मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय."

बाळाजीकाका मागे येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता हे शास्त्र काढणार. पण ते म्हणाले, "वहिनी, देव भावाचा भुकेला. तुपावाचून त्याचं काही अडत नाही, तुळशीचं पान पुरतं. आणि मला एक सांगा. सोवळ्यात स्वयंपाक करताना कुणी शिवलं, तर तुम्ही काय करायचात?"

"सगळा परत करायचे."

"थेंबभरच शिवलं तरी?"

"थेंब काय नि घागर काय, सोवळं मोडलं म्हणजे मोडलं!" असं म्हणून आजी थांबल्या. मग एकदम कपाळावर हात मारला. "अरे देवा. हे सोवळं आहे होय! तेजश्री, तू मला ॲलर्जी, प्रोटीन असलं काय काय सांगत बसलीस. सोवळं आहे म्हणून सांगायचंस ना!"

तेजश्रीला रागात हसू आलं आणि मग तिचे डोळे भरले. मी चाळीस वर्षं या घरातलं सोवळं पाहिलंय. त्याने किती जणांना दाराबाहेर ठेवलं, तेही पाहिलंय आणि ते मला कधी आवडलं नाही. हे सोवळं एका पोरीला पंगतीत बसवण्यासाठी होतं. असलं हजारदा पाळावं.

एवढ्यात सई ओट्यापाशी आली. "आई, आजीला रागावू नकोस. आमच्या क्लासमध्ये सगळे न बघताच म्हणतात, काही नाही गं, खा. आजीने खरं सांगितलं." मग आजींचा पदर ओढत म्हणाली, "आजी, परत कर ना. तूच कर."

आजींनी तेजश्रीकडे पाहिलं. तेजश्रीने केळी पुढे सरकवली.

आणि मग आजींचं सोवळं सुरू झालं. पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या, कोपरापर्यंत हात साबणाने दोनदा धुतले. ओटा धुतला. तेजश्रीने केकचा डबा घासायला घेतला तर त्याच ओरडल्या, "तो नको! त्याला लागलंय. नवा काढ." नवा नव्हता, म्हणून सईचा स्वतःचा शाळेचा गोल डबा निघाला. माझ्यातलं मीठसुद्धा त्यांनी बदलायला लावलं. तुपाची डबी देवघरातून थेट बाल्कनीत गेली, चहाच्या शेजारी. त्या दिवसापासून बाळकृष्णापुढे तिळाच्या तेलाचा दिवा लागतो.

पाऊण तास मुलांनी भेळ खाल्ली आणि सोफ्याच्या स्प्रिंगा मोडल्या. पहिला केक देवव्रतने खाली वॉचमनला, नवनाथभाऊंना, नेऊन दिला. दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. "साहेब, केक लय भारी झालाय. आमची मंडळी इचारते, कुठल्या बेकरीतला हाय?" देवव्रत म्हणाला, "कुकर बेकरी." मी फुगलो. माझ्या पोटातला केकही फुगला.

दुसरा केक पहिल्याइतका देखणा झाला नाही. एका बाजूला कललेला, वर तुळशीचं पान. सईने पुन्हा आठही बोटं काढली. आजी एकेका बोटाला उत्तर देत गेल्या. दूध? नाही. दही? नाही. तूप आल्यावर त्या मोठ्याने "नाही" म्हणाल्या आणि घास तिच्या तोंडापाशी धरला. सईने खाल्ला. मुलं नाचत होती, लोक निघत होते. आजी मात्र अर्धा तास खुर्चीवरून उठल्या नाहीत. सईच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या. ओठांना गूळ लागला होता, बाकी काही नाही.

आता दर रविवारी माझ्यात केक होतो आणि करतात आजी. माझं बूड पातळ झालंय, कान आणखी सैल झालाय. तेजश्री परवा मोबाइलवर ओव्हनच्या किमती बघत होती, तेही मी पाहिलं. येऊ दे त्याला. मी त्याच्यावर जळणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन. भंगारवाला आला तर माझ्या पोटावरचं नाव तेवढं एकदा वाचून घ्या, एवढंच.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या दारात, तुमच्या पंगतीत एखादं पोर बोटं मोजत उभं राहिलं आणि "यात काय काय घातलंय" म्हणून विचारू लागलं, तर हसू नका आणि घाईही करू नका. थेंबभर घातलं असेल, तरी सांगा. ते पोर त्या दिवशी तुमच्याकडे खाणार नाही, कदाचित रडेल. पण पुढच्या वेळी तुमच्याच हातचं मागेल.